खंडेनवमीला उलटवलेलं हत्यार

मी विमानाच्या दरवाज्याच्या बिजागऱ्यांचं काम करते असं सांगितलं की गावातली माणसं विचारायची, म्हंजे सुतारकी का? कपाळ माझं! त्या जड दरवाज्याचा सगळा भार बिजागऱ्यांवर असतो. त्यांचा बोल्ट किती जोरानं आवळायचा हे ठरलेलं असतं. कमी पडला तर सैल होतो, जास्त झाला तर ताणून तुटतो. म्हणून टॉर्क पाना वापरायचा. नेमका जोर लागला की तो हातात ‘कट्’ करतो. आणि जिथं सरळ पाना शिरत नाही, तिथं त्याच्या टोकाला एक आखूड तोंड बसवायचं. त्याला आम्ही क्रोफूट म्हणतो. तळहातात मावेल एवढासा असतो.

माझे वडील, आण्णा, जळकोटला हायवेवर ट्रॅक्टर आणि जिपा दुरुस्त करतात. चाळीस वर्षं नुसत्या मनगटाच्या अंदाजानं. ‘बोल्ट बसला ते पान्यानं कशाला सांगाया पायजे? हाताला कळतंय की,’ असं मला चिडवायचे. मीही फणकारायची. मला राग लवकर येतो.

त्या नवरात्रात हैदराबादहून घरी निघाले तेव्हा गाडीची वेळ होत आलेली. ड्यूटी संपताना पेटीतली हत्यारं एकेक मोजायची, असा आमचा नियम. प्रत्येकाची त्याच्या आकाराची खाच असते, ती भरलेली दिसली की यादीवर खूण करायची. मी पेटीकडं न बघता भराभर खुणा केल्या, सही ठोकली आणि पळाले.

खंडेनवमीच्या सकाळी जळकोटला उतरले. मळका गणवेश आईपुढं टाकला आणि आडवी झाले. दुपारी आमच्या सरांच्या फोननं जाग आली. क्रोफूटची खाच रिकामी होती. तो दरवाज्याच्या आत राहिला असेल तर हवेत कुठं अडकेल सांगता येत नाही, म्हणून संध्याकाळचं विमान त्यांनी रोखून धरलेलं.

मी तडकलेच. ‘सर, मी मोजून ठेवलाय. रात्रपाळीवाल्यांना विचारा.’

‘ठीक है अम्मा, खोल के देखते,’ सर म्हणाले. ते जुने हैदराबादी, आवाज कधी चढवत नाहीत.

तासाभरानं आण्णांनी गॅरेजमध्ये पूजेला बोलावलं. डिझेलनं धुतलेले पाने, हातोडे, जॅक, सगळं नव्या कापडावर मांडून हळदीकुंकू लावलेलं. खंडेनवमीला मांडलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत हलवायचं नाही, हा आण्णांचा कडक नेम. एका वर्षी ॲक्सल तुटलेला एक जीपवाला हातापाया पडत होता. आण्णांनी त्याला दोन वेळा पोटभर जेवू घातलं, पण पाना उचलला नाही.

मी नमस्काराला वाकले आणि बघते तर काय! मधोमध, सगळ्यात मोठ्या पान्याच्याही पुढं, झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन माझा क्रोफूट बसलेला!

‘गणवेशाच्या खिशात घावलं,’ आई म्हणाली. ‘तू झोपलीवतीस. म्हनलं, तुझ्या बी हत्याराची पूजा व्हावी.’ आण्णा गालातल्या गालात हसत होते.

हसू की रडू कळेना. विमानात नाही, विमानात नाही, एवढंच डोक्यात. मग दुसरं आठवलं. रात्रपाळीवाल्यांवर ढकललंस ना? आता बोल. खरं सांगते, गुपचूप नेऊन ठेवावा असंही क्षणभर मनात आलं. पण तिकडं माणसं दरवाज्याचं अस्तर उसकटून बसली होती. मी फोन लावला.

‘सर, माझ्याच खिशात होता. मी मोजलं नव्हतं. खोटी खूण केली.’

ते म्हणाले, ‘शुकर है. नंबर का फोटो भेजो. नंबर मिले बगैर प्लेन छोड़ता नै मैं.’

हत्यारावर नंबर कोरलेला असतो, आणि याचा होता खालच्या अंगाला. म्हणजे मांडलेलं उलटवणं आलं. मी आण्णांना सगळं सांगितलं, त्या सहीसकट. आता ते चिडणार असं वाटलं.

‘किती मानसं बसत्यात त्यात?’ त्यांनी विचारलं.

‘दीडशेच्या वर.’

आण्णांनी हात पुसले. फूल अलगद बाजूला ठेवलं, क्रोफूट उचलला आणि तळहातावर उलटा धरला. ‘काढ फोटू. देवाला काय सांगायचं ते म्या सांगतो.’

फोटोत नंबर आला, हळदीकुंकू आलं आणि आण्णांचा काळा अंगठाही आला. तोच फोटो पुढं चौकशीच्या कागदांना जोडला गेला. अर्ध्या तासात सरांचा फोन आला, नंबर जुळला, अस्तर परत लावतोय. मी पायरीवर मटकन बसले आणि ढसाढसा रडले. इतकं सुटल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दसरा न करताच क्रोफूट घेऊन परत गेले. रात्रपाळीवाल्यांची माफी मागितली. तीन महिने विमानाला हात लावायचा नाही, हत्यारांच्या खोलीत बसून दुसऱ्यांची हत्यारं मोजायची, अशी शिक्षा झाली. मोजली. क्रोफूट तपासणीला गेला तेव्हा तिथल्या माणसानं, कोपऱ्यात हा लाल गंज कसला म्हणून विचारलं. कुंकू आहे म्हटल्यावर तो माझ्याकडं बघतच राहिला.

फोनवर मी आण्णांना त्या खाचांचं सगळं सांगितलं होतं. संक्रांतीला घरी आले, तर गॅरेजच्या पत्र्याच्या भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी आण्णा बोट लावून एकेक मोजत होते. मधोमध एक एवढीशी आकृती होती, पण तिथल्या खिळ्याला काहीच टांगलेलं नव्हतं.

ट्रॅक्टर घेऊन आलेल्या एकानं विचारलं, ‘आण्णा, हितलं हारवलं व्हय?’

‘न्हाय,’ आण्णा म्हणाले. ‘ते माझ्या पोरीचं हाय. ते त्याच्या जाग्यावर हाय.’