सभागृहातला रिकामा खिळा

माणूस सरळ असावा, पण त्यालाही काही माप असावं. सचिवालयातल्या त्या शिपायाला सगळे गवंड्याचा ओळंबा म्हणत. भिंतीवरची तसबीर केसभर कलली तरी याला चैन पडायचं नाही. एकोणतीस वर्षांत सेवापुस्तकात एक लाल शेरा नाही आणि निवृत्तीला उरलेले चाळीस दिवस. "कोरं पुस्तक घेऊन घरी येईन बघ," असं तो बायकोला सांगायचा, दुसरे पदकाबद्दल सांगतात तसं.

पंतप्रधानांच्या तसबिरी लावायचं-उतरवायचं काम त्याचंच. पाच जणांना त्याने भिंतीवर चढवलं नि उतरवलं. हरलेला निकालाच्या संध्याकाळीच खाली यायचा, मागचा फिकट चौकोन ओल्या फडक्याने पुसला जायचा, म्हणजे नवा येईपर्यंत भिंत वाळलेली.

औषधांचं प्रकरण त्याआधीच निघालं होतं. सरकारी दवाखान्यांत औषधाच्या नावाखाली पाण्याच्या बाटल्या गेल्या होत्या आणि ठेका पंतप्रधानांच्या जावयाचा. माणसं गेली, लेकरं गेली. महिनाभर 'मी नाही त्यातली' चाललं. शेवटी एका सकाळी टीव्हीवर राजीनामा जाहीर झाला. ओळंब्याने शिडी काढली, मोठ्या सभागृहातली तसबीर उतरवली, फडकं मारलं आणि डबा खायला गेला.

नवा शपथ घेईपर्यंत जुन्याची तसबीर हलवायची नाही, असा नियम होता. हरलेल्यांच्या वेळी तो कुणी पाळलाच नाही, म्हणून याला ठाऊकही नव्हता. पण हरलेला कधी सभागृहात परत आला नव्हता. हे आले. दुपारी तीनला, निरोपाच्या भाषणाला, कॅमेऱ्यांसकट. डोक्यावरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, रुमाल डोळ्यांना लावला नि म्हणाले, "मला काढायची एवढी घाई होती?"

संध्याकाळपर्यंत देशभर त्या खिळ्यासाठी रडारड. पाण्याच्या बाटल्या कुणाला आठवेनात.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी त्याला बोलावून एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला.

"मामा, सही करा. विरोधकांनी सांगितलं म्हणून तसबीर काढली. विषय मिटला, तुमचं पुस्तक कोरं."

"पण साहेब, मला कुणीच सांगितलं नाही."

"ते तुम्हाला माहीत. लोकांना कुठे माहीत आहे?"

"वरच्याला माहीत आहे."

"वरच्यांनीच तर मजकूर पाठवलाय!" अधीक्षक हसले.

ओळंब्याने कागद वाचला. निरोप आणणारी म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या टायपिस्ट बाईंचं नाव घातलं होतं. त्याने कागद परत सरकवला.

"चूक माझी आहे. शेरा माझ्याच नावावर घाला."

घातला. 'देशाच्या नेत्याचा हेतुपुरस्सर अवमान.' वर निलंबन.

घरी बायको संतापली. "जन्मभर दुसऱ्यांचे उष्टे कप उचललेत, एक पेन उचलवलं नाही तुम्हाला?"

"अगं, त्या बाईची नोकरी गेली असती."

"मग आली का ती भेटायला?"

आली नव्हती. आठवड्याने चौकशीची नक्कल हातात पडली. बाईंनी लिहून दिलं होतं, की हा शिपाई आधीपासूनच पंतप्रधानांबद्दल वाईटसाईट बोलायचा.

बायकोने ते दोनदा वाचलं. "आता बोला!"

"तिची पोरं लहान आहेत," तो म्हणाला. मग तो भिंतीकडे तोंड करून बसला.

चाळीस दिवस असेच संपले. निवृत्तीचा कागद टपालाने आला. निरोप नाही, चहा नाही. त्याच दिवशी टीव्हीवर माजी पंतप्रधानांना पक्षाने मार्गदर्शक नेमल्याची बातमी होती. गळ्यात हार, बाजूला जावई. बायकोने टीव्ही बंद केला आणि रोजच्यासारखी देवापुढे बसली. हात जोडले खरे, पण त्या दिवशी काय मागावं तेच तिला कळेना.