साडेसातची मालिका कोण बंद करतं

लिहायला बसताना आधी माफी मागावीशी वाटते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. टीव्हीच्या धंद्यातलं मला जे कळतं ते वर्गात बसून आणि सरांना विचारून कळलेलं. चॅनेलचं ऑफिस मी बाहेरूनसुद्धा पाहिलेलं नाही. जाणकारांच्या हाती हे पडलं तर त्यांनी सांभाळून घ्यावं. मला फक्त आमच्या आईच्या साडेसातच्या मालिकेबद्दल सांगायचं आहे.

मी अमरावतीला वसतिगृहात राहून पत्रकारिता शिकतो. गाव अकोटच्या पुढे आहे. आईच्या मालिकेत चाळिशीतली एक बाई दहावीला बसायची तयारी करत होती. सासू टोमणे मारायची, नवरा हो-नाही करायचा, मुलगी लपूनछपून गणित शिकवायची. आईची शाळा सातवीत सुटली. ती मालिकेबद्दल मोठं काही बोलत नसे, पण साडेसातच्या आत भाकरी उरकून मोकळी व्हायची. गल्लीतल्या बाया आमच्याच घरी जमत. कुणी लसूण सोलायची, कुणी शेंगा फोडायची, आणि सासू पडद्यावर आली की सगळ्या मिळून तिचा उद्धार करायच्या.

दिवाळीच्या थोडं आधी आईचा फोन आला.

"काहून रे, आपली मालिका बंद करून राहिले म्हन्तेत. तू तं तेच शिकतं ना? इचार बरं तुह्या सरले. तिले परीक्षेले बसू देतीन का नाई, तेवढंच पाह्यचं हाय मले."

मला संकोच वाटला. आमचे सर पूर्वी मालिका लिहीत. त्यांना आईच्या मालिकेचं कसं विचारायचं? पण त्यांनी चहा मागवला आणि नीट समजावून सांगितलं. काही निवडक घरांत टीव्हीला मीटर जोडलेला असतो. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण असतं, बघायला बसलं की ते दाबायचं. ती घरं कोणती हे गुप्त ठेवतात. त्यावरून दर आठवड्याला आकडे येतात. मग चॅनेलवाले बघतात, आधीच्या कार्यक्रमाचे किती लोक थांबले, किती दुसरीकडे गेले, त्यात शहरातले किती, कोणत्या वयाचे. जाहिरातीचा दर त्यावर ठरतो. तो दर एका भागाच्या खर्चाला पुरला पाहिजे.

"एकदम कुणी बंद करत नाही," सर म्हणाले. "आधी नवीन पात्र आणतात. मग गोष्ट काही वर्षं पुढे नेतात. मग वेळ बदलतात. तरी मालिका उठली नाही, तर निर्मात्याला सांगतात, आता आवरा."

मी हे सगळं आईला फोनवर सांगितलं. कोणत्या घरात काय लागलंय ते मोजतात, असंही म्हणालो. मीटरचंही सांगत होतो, पण मध्येच रेंज गेली.

दिवाळीला घरी पोहोचलो तेव्हा मालिका नुकतीच सुरू झाली होती. आई टीव्हीसमोर एकटीच बसली होती.

"बाकीच्या कुठं गेल्या?"

"आपापल्या घरी. साऱ्या इथंच बसल्या तं एकच घर मोजतीन ना! म्या सांगतलं सगळ्याईले, आपापला टीव्ही लावा."

आणि बायांनी खरंच लावले होते. एकीचं बातम्यांवरून नवऱ्याशी रोज वाजत होतं. शेजारच्या काकूंच्या टीव्हीचं चित्र कधीच गेलेलं, नुसता आवाज येई. तरी त्या भिंतीकडे पाहावं तशा त्याच्याकडे पाहत बसायच्या.

मी भीतभीतच म्हणालो, "आई, मीटर असलेलीच घरं मोजतात."

"मंग आपल्या गावात कोनाकडं हाय तो?"

"सांगता येत नाही. बहुतेक कुणाकडेच नसेल."

"म्हंजे आमी इतके दिवस पाहून राहिलो, ते कोनी मोजलंच नाई?"

आईला वाईट वाटेल असं वाटलं. पण ती उठून अंगणाच्या भिंतीशी गेली आणि ओरडली, "अव्वो, या सगळ्या इकडंच! आपल्याले कोनी मोजत नाई म्हन्ते हा!"

काकू सुपासकट आल्या. "हे आंधी सांगाचं ना बावा. माह्या कानाले सासूचा आवाज चिकटला नुसता. तोंड पाह्यल्याबिगर शिव्या देता येत नाईत."

त्या संध्याकाळी घर पुन्हा भरलं. मी दाराशी बसून लसूण सोलत होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

सुट्टीनंतर मालिकेत नवीन जाऊबाई आली. मग एका जाहिरातीच्या आत गोष्ट पाच वर्षं पुढे गेली. आईचा फोन आला, "पोरीचं लगन झालं, सासू म्हातारी झाली, अन् हे बाई अजून दहावीतच!" पाठोपाठ वेळ बदलून संध्याकाळी सहा झाली. कापसाच्या वेचणीचे दिवस होते. बाया शेतातून तशाच, कमरेची कापसाची ओटी न सोडता आमच्या घरी टेकायच्या. मालिकेतल्या या बदलांचा अर्थ काय ते मला ठाऊक होतं. आईनं विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं. ती म्हणाली, "बंद होऊ दे. पन तिले अर्ध्यात नोको सोडा म्हना."

म्हणायचं कुणाला, हे मला माहीत नव्हतं.

मग माझीच परीक्षा आली आणि मालिका मागे पडली. शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो, फोन चालू केला, तर आईचे कितीतरी फोन येऊन गेलेले. घाबरत लावला. पलीकडे बायांचा गलका होता.

"मालिका बंद झाली रे," आई म्हणाली.

मी काही बोलायच्या आत काकूंचा आवाज आला, "ते सोड वं, पास झाली ते सांग ना त्याले!"

"हो, पास झाली. परीक्षा, निकाल, सारं आठ दिवसांत उरकलं त्याईनं. सासूनं पेढे वाटले."

"गनितात पस्तीसच हायेत," काकू म्हणाल्या. "मास्तरनं ढकलली असंन."

"पस्तीस तं पस्तीस," आई म्हणाली. "पास झाली नं बाप्पा."