चौसष्ट टक्क्यावर अडकलेले मामाजी

आठवीत मी दोनदा बसलो. तिसऱ्यांदा मास्तरच म्हणाले, बस झालं बाप्पा आता. तेव्हापासून इंग्रजीशी माहा संबंध इतकाच, की कॉम्प्युटरवर काही लिहून आलं की त्याच्या खाली ओके असते आणि मी ते दाबतो. मले वाटे, मशीन स्वतःच ओके म्हणून राहिली, तर आपण कशाले डोकं लावा?

असा मी माणूस सुपेल्याच्या बाजारात कार्टूनचं दुकान चालवतो. म्हणजे लग्नाची पत्रिका व्हिडिओत बनवून देतो. घोडा हलते, नवरी लाजते, वरून फुलं पडतात. मोबाईलवर पाहून पाहून शिकलो. माह्या सासऱ्याले, म्हणजे मामाजीले, हे काम वाटतच नसे. त्यांचा उभा जन्म लोखंडाच्या प्लांटात भट्टीच्या मेंटेनन्सले गेला. त्यांच्या क्वार्टरकडे, सेक्टर दोनमध्ये, कोणी विचारलं, जवाई काय करते, तर ते म्हणत, "आहे, सुपेल्यातच आहे." पत्ता सांगत, काम सांगत नसत.

ते रिटायर होऊन राहिले होते. महिन्याच्या शेवटच्या तारखेले डिपार्टमेंटात निरोप असते, घरच्यांनाही बोलावतात. बायकोनं मले न विचारता तिथं सांगून टाकलं, "आमचे हे बाबांवर कार्टून बनवून राहिले. सरप्राइज आहे, कोणी बोलाचं नाही." चार वाजता दाखवायचं ठरलं. मी म्हटलं, चांगलं झालं. चारचौघात एकदा तरी मामाजी म्हणतीन, हे आमच्या जवाईचं काम. मले तेवढंच पाहिजे होतं.

कार्टून भारी बनलं. सायकलवरचे तरुण मामाजी, लग्नातले मामाजी, अन् भट्टीतून लाल लोखंड निघते तिथं हेल्मेट घातलेले मामाजी. आता फक्त एक्सपोर्ट राहिलं होतं, म्हणजे साऱ्या चित्रांची मिळून एक व्हिडिओ फाइल काढाची. निरोपाच्या दिवशी सकाळी आठले लावलं. चौसष्ट टक्क्यावर इंग्रजीत एक चौकट आली. मी ओके दाबलं. सारं बंद. पुन्हा लावलं. चौसष्ट, चौकट, ओके, बंद.

मग मी माही इंजिनीअरिंग काढली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. त्याले टेबलफॅन लावला. फाइलचं नाव फायनल होतं, ते पक्का फायनल केलं. शेवटी टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ फोडला, तर पाणी कीबोर्डात गेलं अन् दोन बटनं चिकटली. चौसष्ट काही हललं नाही.

साडेदहाले दारात मामाजी! निरोपासाठी सलूनमधून आलेले, मिशी काळीभोर. मी धावून पडद्यापुढं उभा राहिलो. पण माही रुंदी ती किती!

"जवाईबापू, तुमच्या मागं मीच आहो का?"

"नाही मामाजी, ते दुसरे कोणी आहेत."

"मिशी तं माही आहे."

मी सारं सांगून टाकलं. ते स्टूल ओढून बसले. "बरं. मले काही माहीत नाही असं समजा. बिघाड काय आहे?"

"चौसष्टवर मरते."

"दर वेळी चौसष्टवरच? मग मशीन चांगली आहे. खराब असती तं कुठंही मेली असती. तिथं काहीतरी अडकलं आहे. मशीन काय म्हणते?"

"ओके म्हणते."

मी पुन्हा लावलं, तशी त्यांनी चष्मा लावून चौकट वाचली. "मेमरी पुरून नाही राहिली, असं लिहिलं आहे. सकाळपासून सांगून राहिली बिचारी तुमाले."

मग खिशातून लाल टॅग काढला. प्लांटात मशीनले हात लावाच्या आधी शटडाऊन घेतात अन् स्विचवर असा टॅग बांधतात, म्हणजे कोणी ती मधीच चालू करत नाही. शेवटच्या दिवशीही हा माणूस टॅग घेऊन दाढीले गेला होता. तो त्यांनी माह्या माऊसले बांधला. "मी म्हणल्याबिगर ओके दाबाचं नाही." माह्याच दुकानात माहाच शटडाऊन.

"आता अर्धी लाइन बंद करा, अर्धी चालवा."

कार्टूनात चित्रांचे थर असतात, काचेवर काच ठेवल्यासारखे. अर्धे थर लपवले, लवकर व्हावं म्हणून आवाजही बंद केला, अन् चौसष्टच्या आसपासचा तुकडाच काढून पाहिला. निघाला. उरलेले अर्धे लावले, मेला. त्याचे पुन्हा अर्धे. असं करत करत चोर सापडला, भट्टीच्या ठिणग्या. मामाजी खुश व्हावे म्हणून मी त्याच ठिणग्यांचे चाळीस थर एकावर एक चिकटवले होते, हरेकाले वेगळी चमक.

"चाळीस? प्लांटात इतक्या उडाल्या असत्या तं मी रिटायर व्हायले उरलो नसतो."

"काढून टाकू साऱ्या?"

"कावून? ठिणगी नसन तं ती भट्टी नाही, चूल आहे. चार ठेवा."

चार ठेवल्या. टॅग सुटला. चौसष्ट आलं. पासष्ट झालं तशी मामाजीनं माह्या पाठीवर अशी थाप हाणली, की मी कीबोर्डावर पडलो. तरी ते शंभरपर्यंत गेलं.

चार वाजता पडद्यावर कार्टून लागलं. सायकल चालली, पण घंटी नाही वाजली. आवाज बंद केलेला मी पुन्हा चालूच केला नव्हता! बायको माह्याकडे पाहून राहिली अन् डिपार्टमेंटचे साहेब माईक ठोकून पाहून राहिले. मामाजी तं पहिल्या मिनिटापासून दोन्ही गालांवर हात ठेवून सरप्राइज झाले होते. ते माह्याकडे वाकले.

"आवाज?"

"राहिला."

ते उठले अन् माईक घेतला. "हा सायकलवाला मी. सायकल भावाची आहे, तो अजून मागून राहिला." लोक हसले. लग्नाचं चित्र आलं. "इथं सनई वाजत होती म्हणतात. मले नव्हती आली ऐकू, भेव लागून राहिलं होतं." सासूबाईनं पदरात तोंड लपवलं. कार्टूनाची पाचही मिनिटं ते बोलत राहिले.

"मस्त आयडिया आहे," साहेब म्हणाले, "तुमच्याच तोंडून सारं ऐकवलं! कोणाचं डोकं?"

"हे जवाईचं काम," मामाजी म्हणाले.

टाळ्या वाजल्या. जे वाक्य मले पाहिजे होतं ते भेटलं, अन् भेटलं तं माह्या चुकीले भेटलं. मी हात जोडले, दुसरं काय करतो?

दुसऱ्या दिवशी कार्टूनात त्यांचा आवाज भराचा म्हणून मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. मामाजी ताठ बसले, खाकरले, "मी, उपरोक्त कर्मचारी," इतकं बोलले अन् थांबले. सात वेळा लावलं, सातही वेळा उपरोक्त.

"राहू द्या," ते म्हणाले. "कोणाले दाखवाचं असन तं मले बोलवत जा."

आता माह्या दुकानात एक असा व्हिडिओ आहे, जो पाठवाचा म्हटलं तं संगं सासरा पाठवावा लागते.