जाळी लावा!

आमच्या इमारतीची लिफ्ट जुनी, दोन जाळ्यांची आहे. दोन्ही जाळ्या पूर्ण सरकवून खटका बसल्याशिवाय ती जागची हलत नाही. कोणाचा हातपाय सापडू नये म्हणून केलेली सोय ती. आमचे हे तिचा भलताच उपयोग करायचे. मी घराला कुलूप लावेपर्यंत आत उभे राहून जाळी बोटभर उघडी ठेवायचे, म्हणजे लिफ्ट कोणी बोलावून नेणार नाही. खालून ओरडा व्हायचा, "अहो, जाळी लावा!" हे वरून म्हणायचे, "थांबा हो, ही येतेय!" मला अगदी लाजल्यासारखं व्हायचं.

दवाखान्यात मी त्यांचा हात धरूनच बसले होते. तेवढ्याने माणूस थांबत नाही.

आज कुलूप लावून वळले, तर लिफ्ट आमच्याच मजल्यावर उभी आणि जाळी बोटभर उघडी. कोणीतरी घाईत तशीच टाकून गेलं असणार, हे कळत होतं. मी आत जाऊन उभी राहिले, पण जाळी ओढवेना.

खालून हाक आली, "अहो, जाळी लावा!"

"थांबा हो," मी ओरडले. कोण येतंय, ते मात्र सांगता येईना.