उन्हाशिवायचा उजेड

गेल्या चौदा नोव्हेंबरला, गुरुवारी सकाळी, आमच्या घरामागच्या भूखंडाच्या हद्दीवर दहा फूट उंचीचे निळे पत्रे ठोकण्यात आले. त्याच दुपारी माझ्या मावशीने, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, हाती घेतलेला काळा कोट रफू न करता गिऱ्हाइकाला परत दिला. ही माझी तक्रार आहे. नगररचना खात्याने ती ऐकून घेतली, पलीकडच्या रस्त्याच्या रहिवासी मंडळानेही ऐकून घेतली आणि दोघांनीही ती आहे तिथे राहू दिली. म्हणून ती मी आपल्या ग्रंथालयाच्या या वार्षिकात नोंदवतो. याचे बहुतेक वाचक याच उपनगरात राहतात आणि त्यांतल्या पुष्कळांच्या सह्या त्या भूखंडावरच्या इमारतीविरुद्धच्या हरकतीवर आहेत.

मावशीला सगळे रफूबाई म्हणतात. सिगारेटने पडलेले भोक, कसरीने खाल्लेली बाही, खिळ्याला अडकून फाटलेला गुडघा असे काही आले, की दुसरा शिंपी ठिगळ शोधतो. मावशी त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे उपसते, फाटका भाग पालथ्या लाकडी वाटीवर ताणून धरते आणि उभे-आडवे धागे विणत भोक असे बुजवते, की मालकालाही ते पुन्हा सापडू नये. हे ती कुठल्या शाळेत शिकली नाही. सोळाव्या वर्षी ती एका धुलाईच्या दुकानात इस्त्रीला लागली. तिथल्या म्हाताऱ्या रफूगाराची नजर अधू होत चालली होती. त्याला सुईत धागा ओवून द्यायला ती शेजारी बसू लागली आणि वर्ष सरता सरता सुईच तिच्या हाती आली.

कपड्यांशी ती बोलते. "कुठं भांडून आलास रे?" असे बाही फाटलेल्या कोटाला विचारते. कोटाच्या मालकाला मात्र कधीच विचारत नाही. नवऱ्याच्या पश्चात तिने आपले पोट याच कामावर भरले, आणि माझी आई गेल्यावर माझेही. मी पदवीधर झालो तो या बाईच्या सुईवर, एवढे सांगून माझ्याविषयीचा मजकूर संपवतो.

आता खिडकीविषयी. हे घर बघायला ती आली, तेव्हा दलाल मागची खोली दाखवायलाच तयार नव्हता. उत्तरेला एकच मोठी खिडकी आणि वर्षभर उन्हाचा कवडसा नाही.

"बाई, ही अडगळीची खोली आहे," तो म्हणाला.

"मग मलाच अडगळ समजा आणि आधी हीच उघडा," मावशी म्हणाली.

घर ठरले ते त्या खोलीमुळे. काळ्या लोकरीवर थेट ऊन पडले, की ती चकाकते आणि धागा डोळ्यांसमोर पोहू लागतो. दिव्याखाली काळा, गडद निळा आणि गडद तपकिरी हे तिन्ही रंग एकसारखेच दिसतात. उत्तरेच्या खिडकीतून येतो तो आभाळाचा उजेड. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत फारसा हलत नाही आणि रंगाच्या बाबतीत फसवत नाही. अशा उजेडाशिवाय गडद कापड रफू होत नाही, आणि मावशीकडे येणारे बहुतेक कापड गडदच असते.

खिडकीपलीकडचा भूखंड लांबट आहे. त्याचे तोंड झाडांनी झाकलेल्या पलीकडच्या शांत रस्त्याकडे, तर पाठ आमच्या भिंतीकडे आहे. जुना बंगला रस्त्यालगत होता आणि आमच्या बाजूला नुसते अंगण होते. मूळ मालक गेल्यावर वारसांनी जागा विकली. बांधकामवाल्याने चार मजल्यांची, सोळा बिऱ्हाडांची इमारत आखली, तीही रस्त्यालगत, बंगल्याच्याच जागी. मागची बाजू गाड्यांसाठी मोकळी राहणार होती. बांधकामाची पाटी वाचून मावशी म्हणाली, "बांधू देत. माणसांनी राहायचं कुठं मग? सोळा घरांतून निदान चार तरी फाटके कोट येतीलच."

शांत रस्त्याला मात्र ही गोष्ट झोंबली. हरकतीची सभा भरली. आमच्या गल्लीला बोलावणे नव्हते, कारण गल्ली म्हणजे त्यांचा रस्ता नव्हे. सभेतले आमच्यापर्यंत आले ते मंडळाच्या अध्यक्षांच्या तोंडून. त्यांना सगळे वकीलकाका म्हणतात. खांद्यावर कसर लागलेला काळा कोट घेऊन ते मावशीकडे आले. सोबत त्या भूखंडासमोरच्या बंगल्यातल्या, दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या.

"सुनावणी आहे आमची, रफूबाई. कोट अगदी नवा दिसला पाहिजे."

"नवा कशाला? जुना पण धड दिसला, की माणूस खरा वाटतो."

"सोळा बिऱ्हाडं म्हणजे सोळा गाड्या, सोळा कुत्री!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि हिवाळाभर माझ्या गुलाबांना ऊन नाही."

"इमारतच नको म्हणणार आहोत," वकीलकाका म्हणाले. "नाहीच ऐकलं, तर निदान आमच्या डोक्यावर नको. घ्या म्हणावं मागं, जेवढी जाईल तेवढी."

हे बोलताना त्यांची पाठ त्याच खिडकीकडे होती. मावशीने खांदा उजेडाकडे वळवला, धागे ओळखले आणि दोन दिवसांत कोट तयार करून दिला.

तो कोट घालून वकीलकाकांनी सुनावणीत आपली बाजू उत्तम मांडली, असे मी अनेकांकडून ऐकले आहे. इमारत रद्द झाली नाही, तिची उंचीही कमी झाली नाही. नियमात बसेल तेवढी ती मागच्या हद्दीकडे सरकवण्याची अट तेवढी पडली. रस्त्यावर चहा-बिस्किटे वाटली गेली. आमच्या खिडकीपासून काही हातांवर चार मजल्यांची भिंत येणार, हे आम्हाला कळले ते आखणी करणाऱ्यांनी अंगणात चुना टाकला तेव्हा.

मी अर्ज केला. खात्याचे अधिकारी सावलीचा नकाशा घेऊन आले. माणूस उर्मट नव्हता, उलट घाईत असूनही नीट बसला.

"आजी, या खिडकीत ऊन किती वाजता येतं?"

"कधीच येत नाही."

"मग सावलीचा प्रश्नच मिटला."

"अहो, ऊन येत नाही म्हणून तर ही खिडकी घेतली!"

त्यांना हा विनोद वाटला. ते मनापासून हसले आणि 'बाधा नाही' असा शेरा मारून गेले. त्यांच्या नकाशात फक्त ऊन मोजले जाते. उन्हाशिवायच्या उजेडाला त्यात रकाना नाही.

मग मावशी स्वतः वकीलकाकांकडे गेली. मी बरोबर होतो. वकीलकाका ओसरीवर उन्हात बसले होते आणि डॉक्टरीणबाईही तिथेच होत्या.

"साहेब, ती इमारत माझ्या खिडकीला येऊन टेकते आहे की हो."

"नियमात बसते ती, बाई."

"ती नियमात बसते, पण मी कुठं बसू?"

"चांगला पांढरा दिवा लावून घ्या. मंडळातर्फे देऊ."

"दिव्याखाली काळा आणि निळा एकच दिसतो. तुमच्या खांद्यावर निळं वर्तुळ उमटलं असतं, तर एवढं ठणकावून बोलला असतात का?"

डॉक्टरीणबाई समजुतीने म्हणाल्या, "मावशी, या वयात डोळ्यांना थोडा आराम नको का?"

"बाई, तुमच्या खुर्चीवरचा दिवा मी काढून न्यायला आले का कधी? म्हटलं का, की आता अंदाजानं दात काढा?"

वकीलकाकांनी चष्मा पुसला. "आम्ही हरकत घेतली ती आमच्या रस्त्यापुरती. तुमच्या गल्लीनं वेगळी घ्यायची होती." यातले कायद्याचे सगळे बरोबर होते. त्या गृहस्थांचे बहुधा सगळे बरोबरच असते.

पत्रे लागल्यावर काय झाले, ते मी पाहिले आहे. खिडकीचे अर्धेअधिक आभाळ गेले, आणि उरलेला उजेड निळ्या पत्र्यावरून परतून येतो, तेव्हा कापडावर निळी झाक पडते. तो परत गेलेला कोट एका वाढप्याचा होता, त्याच्याकडचा एकुलता. मावशीने तो खिडकीत धरला, दारात धरला, मग गल्लीत उन्हात नेला. शेवटी त्याच्या हातात देत म्हणाली, "नाही दिसत रे. खोटं काम करून देणार नाही." सध्या ती फक्त फिकट कापड घेते. आठवड्यातून तीन-चार नग होतात, उरलेला वेळ ती रिकामी बसते, आणि रिकामे बसणे तिला जमत नाही. हे नुसत्या पत्र्यांनी झाले. भिंत अजून उभी राहायची आहे.

नवीन घरांविरुद्ध आमची तक्रार नाही, मावशीची तर कधीच नव्हती. तक्रार एवढीच आहे, की नको असलेली वस्तू टळली नाही, ती ज्यांना विचारले नव्हते त्यांच्या दारात सरकवली गेली, आणि त्याला विजय म्हटले गेले.

अंतिम परवानगी अद्याप दिलेली नाही. हरकतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी लेखी कळवले, तर इमारत मागे सरकवण्याची अट रद्द होऊन पहिलाच आराखडा कायम होतो. तशी तरतूद सुनावणीनंतरच्या आदेशातच आहे आणि मुदत वीस जानेवारीची आहे. वाचकहो, त्या हरकतीवर तुमची सही असेल, तर मुदतीपूर्वी नगररचना कार्यालयात जा आणि त्या अटीपुरती ती लेखी मागे घ्या.