ओहोटीच्या पायऱ्या

गेल्या शनिवारी आमच्या घरी एक पाहुणी आली. वय चार दिवस... आणि आली ती बोरिवलीहून होडीने, खाडी ओलांडून.

मी गोराईची. माझ्या जेनीचं हे पहिलं बाळंतपण, आणि पहिलं बाळंतपण माहेरी ही आमच्याकडची रीत. जावई जहाजावर नोकरीला, त्याला यायला अजून वेळ आहे.

पण विहीणबाई मालाडच्या. लिफ्ट, खाली मेडिकल, समोर डॉक्टर. त्यांनी सरळ सांगितलं, "रोझीबाई, रीत मलाही ठाऊक आहे. पण एवढंसं बाळ होडीत? मी बरोबर येते. वाटेत मला जरा जरी धोका वाटला तर रिक्षा तिथूनच मालाडला."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार...

नवरा जाऊन चार वर्षं झाली. शाळा माझी चौथीत सुटली, पण वाचणं मी सोडलं नाही. आता संध्याकाळी पुस्तक मोठ्याने वाचते, तेवढाच घरात आवाज. जेनी आणि बाळ महिनाभर घरी असणार, याची मी किती वाट बघत होते ते माझं मला माहीत.

नवरा याच खाडीत होडी चालवायचा. भरतीचं गणित त्यानेच शिकवलेलं. चंद्राची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती. पौर्णिमा नुकतीच झालेली, त्या दिवशी द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दुपारी दीडच्या आसपास. भरतीला होडी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागते, पाऊल टाकलं की आत. डॉक्टर म्हणाले होते, सकाळी डिस्चार्ज. म्हटलं, झकास!

पण हॉस्पिटल थोडंच तिथी बघून चालतं? आधी इन्शुरन्सचं अप्रूव्हल येईना. ते आलं, तर सही करणारे डॉक्टर ऑपरेशनमध्ये. आम्ही बॅगा भरून बसलेलो. भिंतीवरचं ऊन सरकत होतं आणि मला डोळ्यांपुढे खाडीचं पाणी उतरताना दिसत होतं.

धक्क्यावर पोचलो तेव्हा संध्याकाळ झालेली. पाणी पार खाली गेलेलं. लुईसभाऊंची होडी तळाशी, आणि मधल्या सगळ्या पायऱ्या उघड्या... चिखल आणि शेवाळ.

विहीणबाईंनी खाली बघितलं, मग माझ्याकडे. "झालं. रिक्षा गेली नाही ना अजून?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. माझे हात हल्ली कापतात. बाळाला घेऊन त्या पायऱ्या उतरायची माझीच हिंमत नव्हती. वाटलं, संपलं... जाऊ दे मालाडला.

तेवढ्यात जेनी बोलली. चार दिवसांची बाळंतीण, कानाला स्कार्फ बांधलेला, चेहरा उतरलेला. पण आवाज कसा खणखणीत!

सासूला म्हणाली, "मम्मी, रिक्षा जाऊ द्या. आई, तू आधी होडीत जाऊन बस. लुईसकाका, तुम्ही खालच्या पायरीवर. बाळाला घेऊन कोणी चालायचं नाही. बाळ हातोहात जाईल."

ओहोटीला आमच्याकडे मासळीच्या टोपल्या अशाच चढवतात-उतरवतात. प्रत्येकाने आपल्या पायरीवर पाय रोवून उभं राहायचं, पुढे सरकते ती फक्त टोपली. आणि घेणारा 'धरलं' म्हणेपर्यंत देणाऱ्याने हात काढायचा नाही. जेनी लहानपणी बापाबरोबर त्या रांगेत उभी राहायची. मला वाटलं होतं, मालाडच्या संसारात विसरली असेल.

लुईसभाऊंनी हात धरून मला आत बसवलं. होडीची वाट बघणाऱ्या दोन मासळीवाल्या जेनीने मधल्या पायऱ्यांवर उभ्या केल्या. वरच्या सुक्या पायरीवर विहीणबाई.

"मम्मी, चप्पल काढा. पहिल्या तुम्ही."

"मी नाही गं बाई!"

"तुमची नात आहे ना? मग आधी दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ?"

खालून एक मासळीवाली ओरडली, "घाबरताय काय, आमच्या हातून कधी कोळंबी सांडली नाही!"

"माझ्या नातीला कोळंबी म्हणता?"

"बरं, मग पापलेट समजा. महाग असतं!"

सगळे हसले. विहीणबाईसुद्धा... आणि त्यांनी चप्पल काढली.

"धरलं," त्या म्हणाल्या. मग दुसरी, मग तिसरी. एकेक 'धरलं' एकेक पायरी खाली येत होतं. बाळ गाढ झोपेत. शेवटी लुईसभाऊंनी वाकून ते माझ्या मांडीवर टेकवलं.

मी बाळाचा चेहरा न्याहाळत बसले. लुईसभाऊ तसेच वाकलेले, हात बाळाखालीच. "वहिनी, बोला की लवकर, कंबर गेली माझी!"

"धरलं," मी म्हणाले.

मग मासळीवाल्यांचा हात धरून विहीणबाई उतरल्या, शेवटी जेनी. अनवाणी, पाय आडवे टाकत, एका हाताने भिंत धरून, घाई न करता. मी तिच्याकडे बघतच राहिले.

होडीत विहीणबाई मला खेटून बसल्या. बाळाच्या डोक्याखाली माझा तळवा होता, माझ्या तळव्याखाली त्यांनी आपला ठेवला. पलीकडचा किनारा येईपर्यंत काढला नाही.

घरी चहा घेतला, बाळाची मच्छरदाणी दोनदा हलवून बघितली, आणि पुढच्या होडीने त्या परत निघाल्या. एकट्याच. जाताना म्हणाल्या, "महिना कशाला, चांगले चाळीस दिवस ठेवा. मी रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की येत जाईन."

चार वर्षं मी फक्त काय गेलं तेच बघत आले. नवऱ्याने मागे काय ठेवलंय ते त्या दिवशी नीट दिसलं... ओल्या बाळंतिणीच्या अंगात उभं राहायची ताकद नव्हती, पण सगळ्यांना तिने उभं केलं. माझी पोर आहे ती. फार फार अभिमान वाटला.

हे खरं तर त्याला सांगायचं होतं. तो नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.