रिकाम्या नमुन्यात कोण रडत होतं?

मी असल्या गोष्टी मानत नाही. जिवंत माणसं तोंडावर फसवायला बघतात, त्यांच्याशी भांडण्यातच माझा जन्म गेला... मेलेल्यांसाठी वेळ कुणाला आहे? तरी हे लिहितोय, कारण या प्रकरणात माझ्यावर लबाडीचा आळ आला होता आणि तो मी अजून विसरलेलो नाही.

मी मूळचा निफाडकडचा, बारावी नापास. धंदा प्रयोगशाळेतल्या जुन्या मशीनचा. बंद पडलेल्या कंपन्यांच्या लिलावातून मशीन उचलायचं, नाशिकला अंबडच्या माझ्या शेडमध्ये दुरुस्त करून घ्यायचं आणि विकायचं. माझी एकच रीत — गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवणार, नाही पटलं तर परत नेणार. तोवर एकही मशीन परत आलं नव्हतं.

२००४ सालची गोष्ट. पाथर्डी फाट्याच्या पुढे द्राक्षांवर संशोधन करणारी एक खासगी लॅब होती. तिथल्या वृंदा मॅडम द्राक्षाच्या पानांच्या पेशींमधली प्रोटीनं तपासायच्या. डाऊनी या बुरशीच्या रोगाची लागण झाली की पेशीत कुठलं प्रोटीन वाढतं, कुठलं घटतं, हे कळलं तर रोग डोळ्याला दिसायच्या आधीच ओळखता येईल, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांना मास स्पेक्ट्रोमीटर हवा होता. सोप्या भाषेत सांगायचं तर हा एक भयंकर बारीक तराजू. प्रोटीनचे तुकडे करून द्यायचे, हा एकेका तुकड्याचं वजन सांगतो, आणि त्या वजनांवरून कॉम्प्युटर प्रोटीनचं नाव शोधून काढतो.

मी चांगल्या कंडिशनमधला दिला. महिन्याभरात फोन आला.

“बोरस्ते, तुमचं मशीन घाण आहे.”

“मॅडम, घासाघीस माल घेण्याआधी करतात, नंतर नाही.”

“या आणि स्वतः बघा.”

गेलो. त्यांची असिस्टंट ज्योती हिनं स्क्रीन दाखवली. खरा नमुना घालण्याआधी ते रिकामा नमुना चालवतात — नुसतं द्रावण, त्यात काहीच नाही. स्क्रीनवर रेघ जवळजवळ सपाट यायला हवी. इथे सुळके उभे होते.

“कातडीचं, केसांचं प्रोटीन आलं असतं तर मी समजले असते,” मॅडम म्हणाल्या. “ते सगळ्याच लॅबमध्ये येतं. पण ही अश्रूंमधली प्रोटीनं आहेत. माणसाच्या अश्रूंमधली. यातली काही लाळेतही असतात, पण या प्रमाणात एकत्र असली की अश्रूच.”

मला हसू आलं. “मग इथे कोण रडतंय ते बघा. पगार वेळेवर देता ना?”

“पगार बघून रडू येतं सर,” ज्योती म्हणाली, “पण मशीनमध्ये डोकं घालून नाही रडत कुणी.”

मॅडम हसल्या नाहीत. “हे थांबलं नाही तर मशीन परत. आणि पुण्याच्या दोन लॅब तुमच्याकडून घेणार आहेत, त्यांनी मला विचारलंय. मी खरं तेच सांगणार.”

तिथे माझी सटकली. माझ्या धंद्यात जाहिरात नसते, एकानं दुसऱ्याला सांगितलेलं नाव असतं. मला पक्कं वाटलं — बाईंना नव्या मशीनसाठी ग्रँट मिळायची असणार आणि जुनं माझ्या गळ्यात मारायला निमित्त पाहिजे. म्हटलं, पकडतोच.

मशीनच्या सगळ्या नळ्या बदलल्या. द्रावणाची सीलबंद बाटली स्वतः मुंबईहून आणली. मॅडम आणि ज्योती यांच्यासमोर सील फोडलं, नमुना लावला, दोघींना बाहेर काढलं आणि खोलीला माझं कुलूप घातलं. काचेतून तिघंही बघत बसलो.

सुळके आले. तेच.

“बाटलीत कुणीतरी काहीतरी टाकलंय!” मी ओरडलो.

“बाटली तुमची, कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या खिशात,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यातल्या एका तुकड्याचं वजन नेहमीपेक्षा वेगळं होतं. काही माणसांच्या प्रोटीनमध्ये असा जन्मजात फरक असतो. लॅबमधल्या सगळ्यांचे अश्रू त्यांनी तपासले होते, कुणातच तो नव्हता. “आता तुम्हीच राहिलात.”

“मी रडत नाही मॅडम. बाप गेला तेव्हाही नाही रडलो.”

“रडू नका. कांदा चिरा.”

निफाडच्या माणसाला कांदा! लॅबच्या पँट्रीत उभा राहून चिरत सुटलो, डोळे कोरडेच. ज्योती म्हणाली, “सर, आता कांद्यालाच रडू येईल.” शेवटी एकदाचं डोळ्यात पाणी आलं, ते तिनं काचेच्या बारीक नळीत घेतलं.

तोच वेगळा तुकडा माझ्या अश्रूंत निघाला.

“म्हणजे शेडमध्ये तुम्हीच...” मॅडम बोलायला लागल्या. मी पुढचं ऐकलंच नाही. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. टेम्पो बोलावला आणि मशीन उचलून आणलं.

आता गंमत बघा. माझ्या शेडमध्ये त्याच मशीनवर, त्याच बाटलीतलं द्रावण कितीदा तरी चालवलं. रेघ सपाट! पुढे ते एका कॉलेजला विकलं, तिथूनही तक्रार नाही. पण पुण्याच्या लॅब माझे फोन घेईनात.

पुढच्या वर्षी एका दुपारी वृंदा मॅडम स्वतः अंबडला आल्या. परदेशातून नवं कोरं मशीन आलं होतं, नव्या इमारतीत बसवलं होतं. कॉम्प्युटर नवा, द्रावण नवं, ज्योतीही नोकरी सोडून गेलेली. त्या इमारतीत माझं पाऊलसुद्धा पडलेलं नव्हतं. त्यांनी टेबलावर एक प्रिंटआउट ठेवली.

“पहिलाच रिकामा नमुना.”

सुळके तेच. तो वेगळा तुकडाही तोच.

“म्हणजे माझं मशीन साफ होतं,” मी म्हणालो.

“हो.”

“मग पुण्याला सांगा. आत्ता. माझ्यासमोर.”

त्यांनी माझ्याच फोनवरून दोन्हीकडे सांगितलं, काही हातचं न राखता. मग उठता उठता थांबल्या. “बोरस्ते, असा फरक आणखी कितीतरी लोकांत असेल. तुमचाच आहे असं मी म्हणत नाही. पण... तुमचं सगळं ठीक आहे ना?”

“ठीकच आहे,” मी म्हणालो. जरा जास्तच जोरात. त्या गेल्या.

पुण्याच्या ऑर्डरी मिळाल्या, नाव साफ झालं, जे हवं होतं ते मिळालं. कुणी कुठे काय मिसळलं असेल, याच्या सगळ्या शक्यता मी लावून बघितल्या, एकही टिकत नाही. मॅडमनाही अजून उत्तर सापडलेलं नाही, एवढं कानावर आलंय. त्यांचा नंबर मोबाइलवर दिसला की मी उचलत नाही. रेघ सपाट झाली, असं त्या सांगतील, नाहीतर अजून तशीच आहे म्हणतील... दोन्हींतलं काय ऐकायला बरं वाटेल, हेच मला ठरवता येत नाही.